आधी गळा, मग गज

व्हायोलिन शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सुरुवातीचे काही आठवडे फक्त गायला लावते. पालकांना ते लवकर पटत नाही. घरात नवीन वाद्य आलेलं असतं, मुलाला ते कधी एकदा हातात घेतो असं झालेलं असतं, आणि बाई म्हणतात, "व्हायोलिनची केस बंद ठेव, सा लाव." ही पद्धत माझ्याकडे कुठून आली, मी ती का धरून ठेवली आणि वेंगुर्ल्यात राहून या वाद्यावर आयुष्य कसं उभं केलं, हे एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. सिंधुदुर्गातल्या आणि रत्नागिरीकडच्या मुलींचे फोन येतात. संगीताच्या परीक्षा देऊन विशारद झालेल्या असतात, पुढे काय करावं कळत नसतं. त्यांच्यासाठी तर लिहायलाच हवं.

माझी सुरुवात हार्मोनियमवर झाली. आमच्याकडे भजन घरोघरी. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, डबलबारीच्या, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्याच्या, रात्री मी त्यांच्या मागे बसून पेटीवाल्याच्या बोटांकडे बघत राहायचे. शाळेत असतानाच पेटीवर अभंग बसायला लागले होते. व्हायोलिन आलं ते वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याहून. तिथले एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ लहानपणी गोव्यात मामाकडे राहून चर्चच्या शाळेत वाजवायला शिकले होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून तयार झालेली कितीतरी मुलं पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शिकले. आमचे हे आजोबा मात्र मुंबईला गेले नाहीत. ते फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, आणि लग्नाला वाजवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी वडिलांना बोलावलं आणि म्हणाले, पोरीला हौस आहे तर घेऊन जा.

व्हायोलिन घरी आलं तेव्हा आजीने ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "बाय गे, ह्येच्यार सूर खंय आसत?" प्रश्न अगदी नेमका होता. पेटीवर पट्ट्या असतात, सतारीवर पडदे असतात. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर काहीच नसतं. बोट केसाएवढं इकडेतिकडे झालं की सूर गेला. आजोबांकडे मी उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायला शिकले. गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी, कसा धरायचा, राळ किती लावायची, वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल करायचा, तारांवरची राळ मऊ फडक्याने पुसायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. "बाय, हात ढिलो सोड, गज आपसूक चलतलो," एवढं एकच वाक्य ते सारखं म्हणायचे. आजही माझ्या वर्गात ते त्याच शब्दांत म्हटलं जातं.

पण मला अभंग वाजवायचे होते, नाट्यपदं वाजवायची होती, आणि त्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, उभं राहून काही केल्या निघत नव्हती. उभं राहून वाजवताना डाव्या हाताला वाद्याचा थोडाफार भारही पेलावा लागतो. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलाच्या घोट्याजवळ टेकवतात आणि दुसरी बाजू छातीशी घेतात. वाद्य दोन्हीकडून धरलेलं असल्यामुळे डावा हात पूर्ण मोकळा राहतो आणि तारेवरून वरपासून खालपर्यंत घसरत जाऊ शकतो. गाण्यातली आस, मींड, गमक हे सगळं या मोकळ्या हातातून येतं. हे वाद्य युरोपातून आलं खरं, पण दक्षिणेत थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बाळुस्वामी यांनी ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कर्नाटक संगीतात आणलं, आणि आज तिकडे गाण्याच्या मैफलीत व्हायोलिन नाही असं क्वचितच होतं. आपल्याकडे ते रुजायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आपल्याकडे ते रुजवणाऱ्यांत मराठी आणि कोकणी माणसांचा मोठा वाटा आहे, आणि याचा मला फार अभिमान वाटतो. पंडित गजाननराव जोशी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या घेतलेले गवई, आणि व्हायोलिनही तितक्याच ताकदीने वाजवायचे. श्रीधर पार्सेकर पेडण्यातल्या पार्से गावचे. तेरेखोलची खाडी ओलांडली की आमच्या घरापासून पार्से फार लांब नाही. पंडित व्ही. जी. जोग यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर जुगलबंद्या केल्या आणि लयकारीचा एक वेगळाच बाज या वाद्याला दिला. पंडित डी. के. दातार यांनी द. वि. पलुस्करांची साथ केली. त्यांचं व्हायोलिन ऐकताना बंदिशीचे शब्द ऐकू येतात असं मला नेहमी वाटतं. आणि डॉ. एन. राजम. घरात कर्नाटक संगीत, पण पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांनी गायकी अंग, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखं वाजवणं, व्हायोलिनवर उतरवलं, बनारस हिंदू विद्यापीठात आयुष्यभर शिकवलं. एक बाई मैफलीत मध्यभागी बसून हे वाद्य वाजवते आणि विद्यापीठात शिकवतेही, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात वाट स्पष्ट झाली.

गुरुजी मिळाले बेळगावात. सावंतवाडीहून एसटीने आंबोली घाट चढायचा आणि बेळगावला उतरायचं. शनिवारी शाळा सुटली की निघायचं, त्यांच्याच घरी मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. पुढे कॉलेजसाठी मी बेळगावातच राहिले. गुरुजींनी पहिल्या दिवशी माझं व्हायोलिन बघितलं, तारा छेडल्या, "आवाज गोड आहे," म्हणाले आणि ते कपाटावर ठेवून दिलं. समोर तानपुरा घेतला. "आता म्हण. म्हणता आलं तर वाजेल. म्हणता आलं नाही तर बोटाला कोण सांगणार कुठे थांबायचं?"

बरेच दिवस मी फक्त गात होते. भूपाची बंदिश, यमनाची बंदिश, पलटे, सरगम. मग एक दिवस व्हायोलिन खाली आलं, तर त्यावरही सुरुवातीला बोट ठेवायचं नव्हतं. मोकळी तार, लांब गज. टोकापासून मुठीपर्यंत एकसारख्या वजनाने, मधे आवाज कुठे फुटू नये, गज फिरताना खटका ऐकू येऊ नये. हा रियाझ ऐकणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल, पण गायकाला श्वास लागतो तसा आम्हाला गज लागतो, आणि गजाची लांबी संपली की वाक्य तोडावं लागतं. बंदिशीतला कुठला शब्द एका गजात घ्यायचा, कुठे गज बदलायचा हे गुरुजी शब्दांवरून ठरवायचे. म्हणूनच ते बंदिश आधी पाठ करून घेत. शब्द माहीत नसतील तर गज चुकीच्या जागी तुटतो, आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतं.

तारा लावण्याच्या आपल्याकडे दोनतीन पद्धती आहेत. आजोबांच्या पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. ती तशीच ठेवली आणि दुसरी जाड तार सा मानली तर म-सा-प-रे होतं. गुरुजींनी मला प-सा-प-सां लावायला शिकवलं, काही जण कर्नाटक पद्धतीप्रमाणे सा-प-सा-प लावतात. मी शिष्यांना प-सा-प-सां देते, कारण सा आणि प मोकळे घुमत राहतात आणि नवशिक्याच्या कानाला सतत आधार मिळतो.

या आधाराची एक गंमत मी प्रत्येक मुलाला करून दाखवते. कागदाचा नखाएवढा तुकडा मधे दुमडायचा आणि मोकळ्या सा च्या तारेवर घोड्यासारखा बसवायचा. पण तारेच्या मधोमध नाही, टोकापासून पाव अंतरावर. मग शेजारच्या प च्या तारेवर बोट ठेवून वरचा सां गजाने वाजवायचा. बोट जरा खाली असेल तर कागद हलतही नाही. बोट हळूहळू वर न्यायचं. नेमक्या जागी आलं की कागद थरथरतो आणि उडून पडतो, जरी त्या तारेला कोणी हात लावलेला नसतो. वरच्या सां ला सा ची तार दोन भागांत कंप पावते, म्हणून मधला बिंदू स्थिर राहतो आणि पाव अंतरावर सगळ्यात जास्त हलतं. मुलं टाळ्या वाजवतात, पुन्हा पुन्हा करून बघतात, आणि सूर बरोबर की चूक हे बाई ठरवत नाहीत, वाद्यच सांगतं, हे त्यांना त्या दिवशी कळतं.

पण ही मदत ठळकपणे मिळते ती सा ला आणि प ला. तोडीचा अतिकोमल गांधार, दरबारीचा आंदोलन घेत खाली झुकणारा गांधार, भैरवाचा कोमल रिषभ, मारव्याचा रिषभ, यांना कुठलीही मोकळी तार साक्ष देत नाही. ट्यूनरच्या ॲपवर तर तोडीचा गांधार चुकीचाच दिसतो. तो गळ्यातूनच यावा लागतो. गाऊन गाऊन कानात बसला असेल तर बोट तिथे जातं. आधी गायला लावण्यामागे एवढंच आहे, पण त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. काही शिक्षक पट्टीवर रंगीत स्टिकर लावून देतात. सुरुवातीला चाललंही, पण मुलं डोळ्यांनी वाजवायला लागतात आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी एकेक करत दिल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतलं हे मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. लोक या परीक्षांना नावं ठेवतात की त्यांनी कलाकार होत नाही. कलाकार होत नसेल, पण माझ्यासारख्या छोट्या गावातल्या मुलीला अभ्यासाची शिस्त, रागांचा साठा आणि लिहून विचार करायची सवय यांतूनच लागली. रत्नागिरी असो की कुडाळ, परीक्षा केंद्र जवळ असतं, म्हणून शिकणाऱ्यांची साखळी टिकते. अलंकारला मी जो अभ्यास केला त्यातून वझेबुवांबद्दल बरंच वाचलं. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातले. लहान वयात घर सोडून ग्वाल्हेरला गेले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे विद्या मिळवली. आमच्या मुलखातून इतक्या लांब जाऊन माणसं शिकली आहेत, मग मला तर फक्त आंबोलीचा घाट होता.

पोट मात्र आधी साथीवर भरलं. यावर मी थोडं जास्त लिहिते, कारण नवीन मुलींना साथ म्हणजे कमी दर्जाचं काम वाटतं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते साथीने. हौशी संगीत नाटकांच्या तालमी, गणपतीतले कार्यक्रम, देवस्थानच्या उत्सवातल्या भक्तिसंगीताच्या मैफली, कधी ख्याल गायकाची साथ. साथीत गायकाच्या मागे अर्धा श्वास राहायचं. तो सूर ठेवील तिथे आपण ठेवायचा, तो थांबेल तिथे त्याचं शेवटचं वाक्य हलक्या गजाने परत म्हणायचं, पण त्याने न घेतलेली जागा आपण आधी घेऊन दाखवायची नाही. नाट्यपदात ऑर्गन बरोबर असला की त्याच्या जाड आवाजाखाली न जाता वरच्या सप्तकात बारीक राहायचं.

आणि गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे सा किती उंच धरायचा याचा, प्रश्न. एकाच कार्यक्रमात नट काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातो आणि नटी काळी चारमध्ये. मधे तारा उतरवायला वेळ नसतो, आणि एकदम इतक्या चढवल्या तर तुटतात. दोन व्हायोलिनं घेऊन बसणं हा एक उपाय. माझ्याकडे बराच काळ एकच होतं. तेव्हा तारा काळी एकला ठेवून काळी चारचं गाणं त्याच तारांवर, बोटांचा हिशेब बदलून वाजवायची तयारी केली. सा मंद्र पंचमाच्या तारेवर, सगळा नकाशा बदललेला. त्या तयारीमुळे व्हायोलिनची काळी पट्टी माझी पूर्ण पाठ झाली. गात असल्याशिवाय हे जमणं अशक्य होतं, कारण डोळ्यांना दाखवायला तिथे काही नसतंच.

आकाशवाणीची ऑडिशन दिली ती याच काळात. ठरलेल्या रागांची यादी द्यायची, स्टुडिओत बसायचं, परीक्षक दुसरीकडे ध्वनिमुद्रण ऐकतात, वाजवणाऱ्याचं नाव त्यांना कळत नाही. मला बी ग्रेड मिळाली, पुढे काही वर्षांनी बी-हाय. रेडिओवर वाजवताना आपण कोणत्या वारशात बसलो आहोत याची जाणीव मला नेहमी असते. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, कारण पेटीत मींड निघत नाही आणि तिचे सूर ठोकळ असतात असं मानलं गेलं. त्या दशकांत गायनाच्या साथीला सारंगी आणि व्हायोलिन यांना रेडिओवर जागा मिळाली. मी पेटीवर वाढले, पेटीवर माझं प्रेम आहे, ती बंदी मला पटत नाही. पण आमच्या वाद्याला तिने उभं राहायला जागा दिली हेही खरं.

लग्नानंतर मी वेंगुर्ल्यालाच राहिले. नवऱ्याची नोकरी इथली, सासूबाईंनी पडवी मोकळी करून दिली आणि वर्ग सुरू झाला. आता पावसाबद्दल लिहिते, कारण किनारपट्टीवर हे वाद्य सांभाळणं हा अर्धा धंदा आहे आणि शहरातले शिक्षक यावर काही सांगत नाहीत.

व्हायोलिन सगळं लाकडाचं. वरचा तक्ता स्प्रूसचा, खालचा मेपलचा, पट्टी काळ्या शिसवीसारख्या एबनीची, आणि सगळे जोड सरसाचे, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचे. सरस मुद्दाम वापरतात, कारण तो वाफेने सुटतो आणि दुरुस्तीसाठी वाद्य उघडता येतं. पण मृगानंतर आमच्याकडची हवा इतकी ओली होते की कधीकधी सरस आपणहून सुटतो. एक दिवस आवाजात बारीक खरखर येते, कारण सापडत नाही. बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जायचं. जोड सुटला असेल तिथे ठोक्याचा आवाज पोकळ आणि सैल येतो. तिथे पुन्हा सरसच लावायचा. एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी गावातल्या सुताराकडून तो जोड पांढऱ्या गोंदाने बसवून आणला. गोंद पक्का बसला आणि पुढच्या वेळी वाद्य उघडताना तक्त्याची ढलपीच निघून आली. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते की दुरुस्ती व्हायोलिनवाल्याकडेच, गोव्यात न्यावं लागलं तरी चालेल.

आत साऊंडपोस्ट नावाचा एक छोटा दांडा उभा असतो. तो कुठे चिकटवलेला नसतो, वरच्या आणि खालच्या तक्त्यामध्ये दाबाने उभा राहतो. चारही तारा एकदम सैल केल्या तर तो पडू शकतो. म्हणून तारा बदलायच्या तर एकेक करून. पावसाळ्यात खुंट्या फुगून जागच्या जागी अडकतात, फिरवायला जाल तर तार तुटते. दिवाळीनंतर बेळगावला गेलं की त्याच खुंट्या कोरड्या हवेने आकसतात आणि सुळकन सुटतात. खडू आणि साबण एकत्र चोळून खुंटीला लावायचा, हा जुना उपाय अजून चालतो. व्हायोलिनच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या बदलायला विसरायचं नाही. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. व्हायोलिनची केस बंद ठेवली, उघडलीच नाही, तर बुरशी धरते आणि बारीक किडे गजाचे केस कुरतडतात. सगळ्यात उत्तम उपाय रोज वाजवणं. केस उघडली जाते, उजेड आत जातो, वारा लागतो. सुट्टीत गावाला गेलेल्या मुलांच्या गजाचे केस तुटलेले बघून मला खरंच वाईट वाटतं.

विद्यार्थी कसे येतात? काहींना दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण हवे असतात. मला त्यात वावगं वाटत नाही. गुणांसाठी आलेला मुलगा दोन वर्षं रोज सा लावतो, त्याचा कान तयार होतो, आणि कान एकदा तयार झाला की कायमचा राहतो. एका मासळीवाल्या बाईंनी आपल्या मुलीला माझ्याकडे घातलं होतं. "बाय, ह्या शिकान काय मेळतला?" असं त्यांनी सरळ विचारलं, आणि मी सरळ सांगितलं की पैसे लवकर मिळणार नाहीत, पण हिचा आवाज आणि कान दोन्ही दुर्मीळ आहेत. त्यांनी पुढे कधी विचारलं नाही. मुलगी मत्स्याहाराच्या खानावळीत संध्याकाळी आईला मदत करून रात्री रियाझ करायची. तिने विशारद केलं.

दहावी-बारावीनंतर मुलं जातात. मुंबई, पुणे, पणजी. हे कोकणाचं दुखणं सगळ्या क्षेत्रांत आहे आणि माझ्या वर्गातही आहे. मध्यमापर्यंत आलेला मुलगा इंजिनिअरिंगला जातो आणि व्हायोलिन कपाटावर जातं. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन शिकवायला लागले तेव्हा त्यातली बरीच परत आली. ऑनलाइनची अडचण वेगळीच होती. व्हिडिओ कॉलची ॲप्स पार्श्वभूमीचा आवाज कापतात, आणि लांब गजाचा एकसारखा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. मूल सुंदर सा धरतं आणि माझ्या फोनमध्ये तो दोन सेकंदांत विरून जातो. ती आवाज गाळण्याची सोय बंद करायची, मूळ आवाजाचा पर्याय निवडायचा, हे प्रत्येकाला शिकवावं लागलं. एकत्र वाजवणं तर आवाज उशिरा पोचत असल्यामुळे अशक्यच. मग पुन्हा गाण्यावर आले. मी वाक्य म्हणायचं, मुलांनी म्हणायचं, मग वाजवून ध्वनिमुद्रण पाठवायचं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं, दिवसेंदिवस वीज नव्हती, इलेक्ट्रॉनिक तानपुरे बंद, फोन बंद. शेजारची दोन मुलं पडवीत यायची आणि आम्ही गळ्यातून सा लावून तारा मिळवायचो. त्या दिवसांत त्या दोघांचे कान जेवढे तयार झाले तेवढे एरवी वर्षभरात झाले नसते, असं मी खात्रीने म्हणेन.

पैशांबद्दल विचारणाऱ्यांना मी लपवून काही सांगत नाही. नुसत्या मैफलींवर किनारपट्टीवर घर चालत नाही. रत्नागिरीला थिबा राजवाड्यासारखे चांगले संगीत महोत्सव होतात, गोव्यात वर्षभर काही ना काही असतं, पण तिथे वाजवणारे मोजके. शिकवणी, साथ, शाळांमधलं काम आणि आकाशवाणी हे सगळं मिळून माझं नीट चाललं. त्यात शिकवणी सगळ्यात मोठी. शिकवणं मी नाइलाज म्हणून स्वीकारलं नाही. यमनाची तीच बंदिश प्रत्येक नव्या मुलाबरोबर पुन्हा गाताना मला तिच्यात नवीन जागा सापडतात, आणि माझं स्वतःचं वाजवणं सुधारलं ते शिकवायला लागल्यावर.

मासळीवाल्या बाईंच्या त्या मुलीने आता मालवणात स्वतःचा वर्ग काढला आहे. सुरुवातीलाच तिचा फोन आला. सात वर्षांचं मूल आलंय, वडिलांनी पूर्ण आकाराचं व्हायोलिन आणलंय, ते परत करतील असं वाटत नाही, काय करू? मी सांगितलं, मोठ्या वाद्यावर त्याचं मनगट वाकडं होईल आणि करंगळी कधीच पोचणार नाही. वडिलांना समोर बसवून मुलाचा डावा हात सरळ ताणायला सांग, व्हायोलिनचं डोकं त्याच्या तळहातात येतंय का ते त्यांनाच बघू दे. माझ्याकडे अर्ध्या आकाराचं एक पडून आहे, तारा नव्या घालून देते, मालवणच्या एसटीत कंडक्टरकडे देणार नाही, तू स्वतः येऊन घेऊन जा. आणि ते येईपर्यंत त्याला सा लावायला शिकव.